मुशीचं तेल आणि आल्टरनेटर

आमच्या गाडीला विजेचा आजार होता. इंजिन ठणठणीत, चाकं बरी, टपाचं कापड तेवढं एका कोपऱ्यात फाटलेलं. पण गाडी चालताना बॅटरी भरायचं काम ज्याचं, तो डायनामो महिन्यातून दोनदा मान टाकायचा. मग बॅटरी उतरायची. आधी हॉर्न घोगरा व्हायचा, मग दिवे पिवळे पडायचे, आणि एक दिवस गाडी भर बाजारात उभी राहायची, आत चार पाशिंजर बसलेले, आणि आमचे तात्या हँडल हातात घेऊन पुढे वाकलेले. मासळीवाल्या बायका टोपल्या घेऊन जाता जाता विचारायच्या, "तात्यानू, हँडल मारतास काय नमस्कार करतास?" तात्या हसायचे. घरी आले की मात्र जेवत नसत. पेजेच्या ताटात बोट फिरवत बसत आणि मधेच उठून अंगणात गाडीला एक चक्कर मारून येत. तात्या उठले की मीही उठायची. आम्हा दोघांच्या पायांना भिंगरी, असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नाही.

दर्यावर्दी घरातला माणूस गाडी का चालवत होता, हे सांगायला हवं. आमच्या वाड्यातले सगळे पुरुष होडीवर जायचे. तात्या होडीत पाय ठेवला की ओकायचे. लहानपणी, मोठेपणी, शांत पाण्यातसुद्धा. माझ्या आजोबांनी सगळे उपाय केले, लिंबू हुंगवलं, देवाला नारळ दिला, शेवटी दोरीने डोलकाठीला बांधूनही नेलं म्हणतात. काही झालं नाही. मग तात्या मुंबईला गेले, तिथे एका शेटची गाडी धुता धुता ती चालवायला शिकले आणि परत आले ते ही काळी विलायती गाडी घेऊन. बेळगावच्या कुणा वकिलाची टाकून दिलेली. मालवण ते कसाल, कसाल ते कुडाळ, लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, दोनदा दवाखान्यात न्यायची माणसं. समुद्र ज्याला नको होता त्याला रस्त्याने घेतलं, असं मी आज म्हणेन. तेव्हा असलं काही मनात नव्हतं. तेव्हा एवढंच माहीत होतं की ही गाडी गेली तर तात्यांना इथे दुसरं काही नाही.

आणि गाडी जायची वेळ आली होती. गाड्या तपासून पास करणारा साहेब कुडाळला येई. मागच्या खेपेला त्याने दिवे लावायला सांगितले तर एक दिवा लागला आणि दुसऱ्याने नुसता डोळा मिचकावला. साहेबाने कागदावर लाल रेघ ओढली. पुढच्या खेपेला असंच झालं तर परवाना बंद. तात्यांनी ठरवून टाकलं होतं: परवाना गेला तर गाडी भंगारात, आपण मुंबईला कुणाची तरी टॅक्सी चालवायला, आणि शेवंता गिरगावात मावशीकडे, तिच्या घरातलं करायला. शेवंता म्हणजे मी. सोळावं सरत आलेलं. मावशीची तीन लहान मुलं होती आणि तिची पत्रं यायची ती सगळी, "शेवंताला कधी पाठवता?" अशीच. मी ती पत्रं वाचून दाखवताना ते वाक्य गाळायची. तात्यांना वाचता येत नसे, पण कुठे वाक्य गाळलं ते त्यांना बरोबर कळायचं.

असा सगळा जीव वरखाली होत असताना रघूमामा आला. रघूमामा आईचा धाकटा भाऊ, रेडीला खनिजाच्या ट्रकांवर फिटर. येताना खांद्यावर गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड घेऊन आला आणि ओटीवर आपटलं. आई सुकटाची चटणी वाटत होती, ती दचकली.

"काय हाडलंस रे ह्यां? भोपळो?"

"भोपळो नाय गो बाये, आल्टरनेटर! गोव्यात अमेरिकन गाडी फुटली, तिचो. डायनामोचो बापूस. गाडी उभी रवान नुसती धुगधुगली तरी बॅटरी भरता."

गोवा मोकळा होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि पोर्तुगीज अमदानीत तिकडे ज्या परदेशी गाड्या आल्या होत्या त्यांची भंगारं त्या वेळी खूप निघत. आम्ही सगळे त्या वस्तूभोवती जमलो. डायनामो लांबट असतो, उखळातल्या मुसळासारखा. हा आखूड, गरगरीत, मधून फटी असलेला. तात्यांनी तो फिरवून पाहिला, वास घेतला, परत ठेवला. म्हणाले, जुना डायनामो कोल्हापूरला पाठवून पुन्हा गुंडाळून आणता येईल, ओळखीचं दुखणं आहे, हे नवं कुणी पाहिलंय? मामा म्हणाला, कोल्हापूरहून येईपर्यंत साहेब येऊन गेलेला असेल. दोन दिवस हेच. जेवताना हेच, आंघोळीच्या पाण्याला जाळ घालताना हेच. बांगड्याच्या तिखल्यात त्या दिवशी आई तिरफळं घालायची विसरली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, यावरून काय ते समजा.

शेवटी तात्या म्हणाले, "कौल लावया."

आमच्याकडे मोठं काही ठरेना झालं की देवाला विचारतात. देवळातला गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार. लग्नाला, जमिनीला, नव्या होडीला लावतात. आल्टरनेटरला कुणी लावला असेल तर आम्हीच. गुरव म्हातारा, कानाने जरा जड. तात्यांनी दोनदा सांगितलं, तरी तो म्हणे, "ह्या नाव माझ्या तोंडात बसना नाय. देवाक कळात असा काय ता सांग."

मामा म्हणाला, "नवा यंत्र म्हणा."

मग गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्यो तुजो लेकरू, दर्यार जावक जमला नाय म्हणान रस्त्यार पोट भरता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे म्हणताना आई पदराआड हसली. तात्यांचे कान लाल झाले.

"तेच्या गाडयेक नवा यंत्र बसवचा काय जुना ठेवचा, ता सांग. नवा बसवचा आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

बराच वेळ काही पडेना. देवळात आल्टरनेटरसाठी मी एका पायावरून दुसऱ्यावर होत उभी. मग उजवी पाकळी पडली. टप्पकन, ओली, जरा अंग चोरून. तात्यांनी खाली डोकं टेकलं आणि बाहेर येऊन मामाला म्हणाले, "चल, काढ डायनामो."

बसवायचं काम मामाचं आणि तात्यांचं, पण तारा ओढायचं माझं. का, तर माझा हात बारीक. डॅशबोर्डाच्या मागे, बॉनेटच्या कोपऱ्यात तात्यांचा पंजा जात नसे, म्हणून मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून तिथल्या तारा मीच चाचपून सांगायची. कुठली तार कुठे जाते हे मला डोळ्यांनी नाही, बोटांनी पाठ होतं. मामाने कोळशाने ओटीवर चित्र काढलं: आल्टरनेटर, शेजारी रेग्युलेटरची पेटी, पलीकडे बॅटरी. "ह्या सगळ्यात भियाचा ता एकच," तो म्हणाला. "ह्या विलायती गाडयेत बॅटरीचो प्लस गाडयेच्या पत्र्याक जोडलेलो आसा. ह्येका मायनस व्हयो. बॅटरी उलटी बसव. चुकलंस तर ह्यो आतल्या आत जळतलो, धूर पण दिसाचो नाय." मी बॅटरी उलटी बसवली. चार वेळा बघितलं. रात्री झोपेत बघितलं. सकाळी उठून पाचव्यांदा बघितलं. आणि ज्याची भीती होती ते मी अगदी बरोबर केलं, हे मी आज ठासून सांगते.

चूक वेगळीच झाली. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने काहीही टिकत नाही. तांब्याची तार सहा महिन्यांत हिरवी पडते. मामाने आणलेल्या तारा नव्या, पण त्यांच्या टोकांना आणि जोडांना गुंडाळायला पट्टी थोडीच होती. मी विचार केला, होडीचं लाकूड खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहतं ते कशाने? मुशीच्या तेलाने. मुशी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल काढून होडीला चोपडतात. घरात डबा होताच. मी जाळ्याचा सुती धागा घेतला, तेलात भिजवला, आणि सगळे जोड घट्ट गुंडाळले, एकावर एक वेढा, जाळं विणतात तशा गाठी. बॅटरीकडून पेटीकडे जाणारी जाड तार सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिला तीन थर. तिचं टोक बोल्टवर नटाने आवळायचं ते सोडून मी धाग्यानेच करकचून बांधलं, कारण नट जुना, आटे गेलेले. दिसायला इतकं देखणं झालं म्हणून सांगू! तात्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. गाडी सुरू केली. डॅशबोर्डावरचा काटा, जो कायम वजाकडे मान टाकून पडलेला असे, तो उठला आणि अधिककडे गेला. तात्या काट्याकडे बघत इंजिन चालू ठेवून अर्धा तास बसून राहिले. कुठे जायचं नव्हतं.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. घरात मासळी विकणारी आई, आणि मासळीच्या घरात असतात तशी चार मांजरं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर मामाने हँडल मारलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. "दिवे लाव," मामा म्हणाला. तात्यांनी दिवे लावले. "वायच रेस दी." तात्यांनी रेस दिली. गाडी थरथरली, आणि दोन्ही दिवे एकदम पांढरेफेक झाले, उन्हातसुद्धा डोळे दिपले. मग फट्, फट्. इंजिन बंद. आणि बॉनेटमधून वास आला, जळल्याचा, पण त्याच्याबरोबर कुणीतरी मुशी तळतंय असा. शेजारची काकी खिडकीतून ओरडली, "आज मुशी केल्यात काय गो?"

पुढचा पाऊण तास मला आजही नीट सांगता येत नाही. तात्या मामाला म्हणाले, "भंगार हाडून माझ्या गळ्यात बांधलंस." मामा म्हणाला, "भावोजी, काल काटो उठलो तेवा तुमीच नाचत होतास." तात्या देवळाकडे तोंड करून म्हणाले, "आनी तेनी उजवो कौल दिल्यान!" मामाचा चेहरा पडला. तो म्हणाला, त्या गोव्याच्या भंगारवाल्याने मला फसवलं, आता जातो आणि त्याची मान धरतो. खरंच पायात चपला घालू लागला. आई मधे पडली, तिलाही दोघे बोलले. आणि मी बॉनेटमध्ये हात घालून उभी. माझ्या बोटांना कळलं होतं. जाड तारेवरचा धागा नव्हता. कुरतडलेला, चाटून चाटून सुटलेला, आणि तार बोल्टवरून निसटून लोंबत होती. धाग्याच्या एका तुकड्याला मांजराचे केस. बॅटरी सुटल्यावर सगळी वीज दिव्यांत गेली आणि आल्टरनेटर आतून जळला. हे सगळं मी तेव्हा शब्दांत सांगू शकले नसते, पण मला कळलं. मी तो तुकडा मुठीत धरला. टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. मामा फाटकापर्यंत गेला. मी अंगणातून विहिरीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. पाय थांबेनात.

"मामा, थांब," मी ओरडले. "तुजो आल्टरनेटर बरो होतो. मांजरांनी खाल्ल्यानी. माज्यामुळे." आणि मूठ उघडली.

तात्यांनी तुकडा घेतला, नाकाशी नेला. मला वाटलं, आता थोबाडीत. आई म्हणाली, "देवान नवा यंत्र लाव म्हणान सांगल्यान. मुशीचा तेल लाव म्हणान नाय सांगल्यान." आणि मामा फाटकातच खाली बसून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तात्या हसले नाहीत. ते आत गेले, तांदळाच्या कणगीत हात घालून जुन्या दिव्यांची कागदात गुंडाळलेली जोडी काढली, आणि म्हणाले, "बॅटरी काल भरलेली आसा. कुडाळाक पोचतली. बस."

भरलेली बॅटरी, पण भरणारं कुणी नाही. जेवढी वीज आहे तेवढीच. वाटेत एक थेंबसुद्धा सांडायचा नाही. मामाने नवा नट शोधून तार आवळली. तात्यांनी मला सांगितलं, हॉर्न वाजवायचा नाही, तो साहेबासाठी राखायचा. म्हणून मालवणपासून कसालपर्यंत मी खिडकीतून अर्धी बाहेर लटकून ओरडत गेले. "ओऽ गाडयेवाल्यानू! बाजूक व्हा! ए बायो, म्हस धर!" एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध चालत होता, तो हलेना. मी ओरडले तर म्हणतो, "हॉर्न नाय काय तुमका?" तात्या म्हणाले, "आसा, पण तेका आज साहेबाच्या देवळात जावचा आसा." मग तेही जरा हसले. सकाळपासूनचं पहिलं.

कुडाळला आंब्याच्या झाडाखाली साहेबाचं टेबल होतं. आमच्या पुढे दोन ट्रक. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही सावलीत उभे राहिलो. मी उभी राहिले असं म्हणायचं. माती पायाने उकरून उकरून मी तिथे खड्डा पाडला होता. साहेब आला, तसं मामाने हँडल मारून इंजिन पुन्हा सुरू केलं. दिवे लावले, लागले. हॉर्न वाजला, चांगला वाजला, झाडावरचे कावळे उडाले. वायपर फिरला. ब्रेक बघितले. साहेबाने पेनाचं टोपण काढलं. झालं, असं मला वाटलं. मग तो आत वाकला आणि काट्यावर बोट ठेवलं.

"हे काय? इंजिन चालू आहे आणि काटा वजाकडे? चार्जिंग नाही?"

साहेबासमोर तात्या पुस्तकी मराठी बोलत, आणि घाबरले की ती त्यांना सापडत नसे. "साहेब... ते... मांजरांनी खाल्लं, साहेब."

"काय म्हणालात?"

त्याला वाटलं त्याची थट्टा चाललीय. पेनाचं टोपण परत बसलं. मी पुढे झाले. बॉनेट उघडलं आणि सगळं सांगितलं, आल्टरनेटर कुठला, बॅटरी उलटी का बसवली, तेल का लावलं, तार कुठे निसटली. मालवणीत की मराठीत, आठवत नाही. दोन्ही एकत्र आलं असावं. साहेब खाली वाकला, उरलेल्या धाग्याचा वास घेतला आणि झटकन मागे झाला.

"हे सगळं तू बांधलंस?"

"होय."

"बॅटरीची दिशा कुणी सांगितली?"

"मामांनी. पण बसवली मी."

त्याने एकेक तार बोटाने चाचपली. मग म्हणाला, "वायरिंग बरोबर आहे. बांधणी चूक आहे." कागदावर लिहिलं आणि तात्यांना वाचून दाखवलं: गाडी तात्पुरती पास, पंधरा दिवसांनी पुन्हा आणावी, चार्जिंग चालू पाहिजे, नसेल तर परवाना रद्द. शेवटचं वाक्य त्याने हळू वाचलं.

परत येताना बॅटरी कट्टा गावाच्या अलीकडेच संपली. उतारावर गाडी ढकलताना ते मामाला म्हणाले, "रघू, तू परत जाशीत तेवा हिका रेडयेक घेवन जा. जळल्लो आल्टरनेटर उघडून बघूदे. परत बसवतली तीच."

"भावोजी, थंय सगळे बाप्ये..."

"बाप्ये आसत तर आसत. हिचो हात बारीक आसा."

रेडीला वर्कशॉपमध्ये एक गोव्याकडचा म्हातारा मिस्त्री होता. त्याने आल्टरनेटर उघडला. आत कोटाच्या बटणांएवढी सहा बटणं बसवलेली होती. डायोड, तो म्हणाला. विजेला एकाच बाजूने जाऊ देतात, उलटी येऊ देत नाहीत. एक बॅटरी, एक छोटा दिवा, दोन तारा माझ्या हातात दिल्या. "सारको लागल्यार पेटता, उलटो केल्यार पेटना. दोनूय वटेन पेटलो जाल्यार मेलो. पळय." मी एकेकाला लावून बघितलं. पहिला सरळ पेटला, उलटा नाही. दुसरा तसाच. तिसरा दोन्हीकडून पेटला. मेला. सहापैकी चार जिवंत निघाले. मला वाटत होतं सगळा जळला. चार जिवंत होते! मिस्त्रीने कुठल्याशा डब्यातून दोन काढले, आणि बसवायचं, कल्हई करून डाग द्यायचं, पितळी टोकं दाबायचं सगळं मी केलं. तो फक्त "ना, ना, परत" म्हणत बसला. आठ दिवस मी तिथे होते. तिथे मी कापडी पट्टी गुंडाळायला शिकले, आणि मासळीचं तेल कशाकशाला लावायचं नाही तेही.

पंधराव्या दिवशी साहेबाने काटा बघितला आणि सही केली. मांजरांचं विचारलं नाही.

दोन दिवसांनी मावशीचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. ह्या वेळी ते वाक्य गाळलं नाही. तात्या ओटीवर पानाला चुना लावत होते. म्हणाले, पोस्टकार्ड घे, लिव. मी घेतलं. तब्येतीचं झालं, पावसाचं झालं, आंब्याच्या पेटीचं झालं. मग ते थांबले. पान तोंडात घातलं, चघळलं, आणि सांगितलं, "लिव. शेवंता येवची नाय. तिका हंय काम आसा."

मी पुस्तकी भाषेत लिहिलं: शेवंता येणार नाही. तिला इथे काम आहे.

"वाचून दाखय."

मी वाचलं.

"परत वाच," तात्या म्हणाले.